मावशीचं विरजण आणि 'एचआयव्हीचं एन्झाइम'

सदाशिव पेठेतल्या माझ्या मावशीनं परवा विरजणाची वाटी मोरीत ओतली. भिशीच्या ग्रुपवर मेसेज आला होता: 'दह्याच्या जिवाणूंत एचआयव्हीचं एन्झाइम! लशीतला आरएनए त्यानं डीएनए होऊन रक्तात भिनतो. हे लशीमुळेच घडलं. शास्त्रज्ञांनी दडवलं.' मलाही तो तिघांनी पाठवला, म्हणून एकदाच लिहितो.

'एचआयव्हीचं एन्झाइम': आरएनए (डीएनएसारखाच माहिती वाहणारा रेणू) वाचून डीएनए लिहिणारं हे एन्झाइम, रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज, टेमिन आणि बाल्टिमोर या शास्त्रज्ञांना १९७० मध्ये कर्करोग करणाऱ्या विषाणूंत सापडलं. एचआयव्हीचं तेव्हा नावही नव्हतं. खुन्याकडे सुरी सापडली म्हणून मंडईतल्या भाजीवाल्यांना आत टाकणार का? जिवाणूंत ते असतं, हे मात्र खरं. दुधातल्या लॅक्टोकॉकस लॅक्टिसच्या काही वाणांतही हे एन्झाइम बनवणारा घटक आहे, १९९६ पासून माहीत आहे. घ्या, एवढं कबूल.

'लशीमुळे घडलं': मातीतल्या मिक्सोकॉकसमध्ये आरएनएला चिकटलेला चमत्कारिक डीएनए १९८४ मध्ये दिसला, तो बनवणारं एन्झाइम १९८९ मध्ये. आरएनए लशी लोकांना टोचायला लागले २०२० च्या डिसेंबरात. पुढे बोलायला हवं?

'आरएनएचा डीएनए होतो': खरा राग याचाच, कारण मावशी आता फ्लूची लसही नको म्हणते. मिक्सोकॉकसमधला तो चमत्कारिक डीएनए बनवतो रेट्रॉन, जिवाणूच्या गुणसूत्रातला एक घटक. त्यात एन्झाइमचं जनुक असतं आणि शेजारीच त्याचा ठरलेला आरएनए साचा. एन्झाइम त्या साच्यातल्या ठरावीक जागेपासूनच लिहायला लागतं, वाटेवरचा कुठलाही आरएनए उचलत नाही. शिवाय लस दंडात, दही पोटात. आणि मावशीनं घेतली कोव्हिशील्ड, जिच्यात आरएनए भरलेलाच नसतो! आरएनए लस पुण्याच्या जिनोव्हा कंपनीनंही काढली, पण ती तिनं घेतलेली नाही.

'दडवलं': २०२० मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या गटानं रेट्रॉनचं काम 'सेल' या विज्ञानपत्रिकेत चक्क छापलंय. जिवाणूंवर फेज नावाचे विषाणू हल्ला करतात. त्यातले काही आत शिरून डीएनएची डागडुजी करणारी यंत्रणा बंद पाडतात. एक रेट्रॉन नेमकी तीच यंत्रणा राखत बसलेला असतो. ती बंद पडली की पेशी स्वतःच मरते, फेजची नवी फौज तयार व्हायच्या आत. शेजारचे जिवाणू वाचतात.

मावशीला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग वाटी ओतायच्या आधी का नाही बोललास?" आता शेजारच्या काकूंकडे चमचाभर विरजण मागायला निघालोय.