आकडा वाढला, हात बसला का?

आमच्या जुन्या ग्रुपवर महिनाभर एकच वाद पेटलाय. आम्ही सहा जण आहोत, पाच भारतात आणि मी गेली सात वर्षं बेल्जियममध्ये. त्यातल्या एकाने 'सेकिरो' हा व्हिडिओ गेम पूर्ण केला आणि बोलता बोलता सांगून टाकलं की पीसीवर एक मॉड, म्हणजे गेममध्ये बदल करणारी बाहेरची फाइल, टाकून त्याने गेमचा वेग सत्तर टक्क्यांवर आणला होता. झालं. एक जण म्हणाला, "मग तू संपवलास असं म्हणूच नकोस." दुसरा त्याच्या बाजूने उभा राहिला. गेम त्याने विकत घेतला, वेळ त्याचा गेला, तुमचं काय जातं? आणि मग तिसऱ्याने त्या पहिल्याला जो प्रश्न टाकला, त्यावर दोन दिवस कुणालाच बोलता आलं नाही. "'एल्डन रिंग'मध्ये तू वीस तास एकाच जागी चकरा मारून लेव्हल वाढवलीस आणि बॉसला चार फटक्यांत लोळवलंस. ते चालतं. ह्याने वेग कमी केला, ते चालत नाही. का?"

(लेव्हल म्हणजे पात्राच्या ताकदीचा आकडा, बॉस म्हणजे वाट अडवणारा मोठा शत्रू.) हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. मला वाटतं फायटिंग आणि लेव्हलिंगबद्दलच्या आपल्या सगळ्या वादांचं मूळ ह्याच एका ठिकाणी आहे.

आधी 'सेकिरो'बद्दल, कारण तो गेम नीट पाहिला तर अर्धं उत्तर तिथेच मिळतं. फ्रॉमसॉफ्टवेअर ह्या कंपनीचा हा गेम २०१९ मध्ये आला, दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी. ह्यात एक्सपी, म्हणजे अनुभवाचे गुण, गोळा करून ताकद वाढवत नेण्याची नेहमीची सोय नाही. चार मणी जमले की आयुष्याची पट्टी थोडी लांबते आणि मोठा बॉस पडला की हल्ल्याची ताकद एका पायरीने वाढते. नवी कौशल्यं शिकता येतात, पण छोट्या शत्रूंना शंभरदा मारून अंगात बळ आणायचं म्हटलं तर गेम ते सहसा देत नाही.

गेमच्या अगदी सुरुवातीला गेनिचिरो नावाचा योद्धा समोर येतो. तिथे तुम्ही जिंकलात तरी कथेत हरता आणि तो तुमचा हात तोडतो. बऱ्याच तासांनी अशिना किल्ल्याच्या माथ्यावर तो परत भेटतो. तोच माणूस, तीच तलवार, वर त्याचं धनुष्य. मला तिथे चार संध्याकाळी लागल्या. पहिल्या दिवशी मी नुसता ब्लॉकचं बटण बडवत होतो. ह्या गेमला ते कळतं. बटण बडवलं की अचूक अडवण्यासाठी मिळणारा क्षण तो आणखी छोटा करत जातो. दुसऱ्या दिवशी मी बघणं सोडून ऐकायला लागलो. तलवार अचूक अडवली की एक स्वच्छ, टणक आवाज येतो आणि उशीर झाला की तोच आवाज बोथट येतो. त्या आवाजावर माझा हात बसला. तिसऱ्या दिवशी धोक्याचं लाल अक्षर चमकलं की तो भोसकणार की खालून तलवार फिरवणार, हे त्याच्या खांद्यावरून ओळखायला लागलो. भोसकलं तर पुढे सरून पात्यावर पाय द्यायचा, खालून आला तर उडी मारायची. चौथ्या दिवशी तो चिलखत उतरवून वीज फेकायला लागला, तेव्हा मी हवेत उडी मारून ती वीज अंगावर घेतली आणि जमिनीला पाय लागायच्या आत त्याच्यावरच उलटवली.

पहिल्या संध्याकाळपासून चौथ्यापर्यंत माझ्या पात्राच्या आकड्यांत काहीही फरक पडला नव्हता. बदल झाला होता तो सगळा माझ्यात. मी ज्याला प्रगती म्हणतो ती हीच.

लेव्हल आणि एक्सपी ही कल्पना आली कागदावरच्या खेळातून. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन ह्यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' काढला, तेव्हा लढाईचा निकाल फासे लावत होते. खेळणाऱ्याच्या हाताचा वेग तिथे मोजायचा प्रश्नच नव्हता. मग पात्र अनुभवी झालंय हे दाखवायचं कसं? आकड्याने. तिथे ते चोख बसतं. व्हिडिओ गेममध्ये मात्र खेळणाऱ्याचा हातच लढतो, तरी आकडे सोबत आले आणि कायमचे राहिले. २००७ मध्ये 'कॉल ऑफ ड्युटी ४'ने मल्टिप्लेअर नेमबाजीतही एक्सपी आणि अनलॉक, म्हणजे खेळत राहिलं की उघडत जाणारी शस्त्रं आणि सवलती, रूढ केले, आणि तेव्हापासून जवळजवळ प्रत्येक गेमला एक भरत जाणारी पट्टी असतेच. नवखा माणूस आधीच हाताने कच्चा, त्यात समोरच्याकडे जास्त चांगली बंदूक आणि जास्त सवलती. हे मला तेव्हाही खटकलं होतं आणि आजही खटकतं.

आकडा हातावर स्वार झाला की काय होतं ह्याची दोन उदाहरणं माझ्या मनात कायम घर करून आहेत. २००६ चा 'ऑब्लिव्हियन' मी आजही मनापासून आवडीचा मानतो, पण त्यात तुमच्याबरोबर सगळं जगच लेव्हल वाढवत जातं. तुम्ही पुरेसे मोठे झालात की रस्त्यावरचे साधे लुटारू काचेचं दुर्मीळ चिलखत घालून अडवायला लागतात. मग मी मोठा कशाला झालो? दुसरं २०१७ च्या 'असॅसिन्स क्रीड ओरिजिन्स'चं. लपतछपत मागे गेलात, मानेत लपवलेलं पातं घुसवलंत, आणि समोरचा मरतच नाही, कारण त्याची लेव्हल तुमच्यापेक्षा बरीच वर आहे. तुमच्या हातून चूक झालेली नसते. गेम म्हणतो, अजून थोडे तास भर आणि मग ये.

ह्या तास भरण्याला आपण ग्राइंड म्हणतो. आपल्या भाषेत ह्याला नेमका शब्द आहे, पाट्या टाकणं. इथेच माझं घरच्या मित्रांशी पटत नाही. त्यांच्या मते ग्राइंड म्हणजे मेहनत आणि ईझी मोड म्हणजे पळवाट. मेहनतीबद्दल मला त्यांच्याइतकाच आदर आहे. पण वीस तास त्याच शत्रूंना त्याच कोपऱ्यात मारण्यात कठीण काय असतं? ते लांबलचक असतं, एवढंच. वेळ असला की कुणालाही जमतं. ज्याने वेग कमी केला, त्याने गेम उघडपणे सोपा केला. ज्याने लेव्हल फुगवली, त्यानेही सोपाच केला, फक्त किंमत तासांत मोजली. ज्याला दिवसभराच्या कामानंतर एखादाच तास मिळतो त्याच्याकडे ती दुसरी वाट नसते. तिसऱ्या मित्राच्या प्रश्नाला माझं उत्तर हे आहे. दोन्ही चालायला हवं, आणि एकच चालत असेल तर ते वेगवाल्याचं चालावं, कारण त्याला अडवायला, चकवायला, वाट बघायला शिकावं तरी लागलं.

तासांचा पैसा व्हायला वेळ लागत नाही, हे मला बेल्जियममध्ये राहून जास्त स्पष्ट दिसलं. २०१८ च्या एप्रिलमध्ये इथल्या गेमिंग आयोगाने जाहीर केलं की पैसे भरून उघडायच्या आणि आत काय निघेल ते नशिबावर असलेल्या पेट्या, म्हणजे लूट बॉक्स, इथल्या कायद्यानुसार जुगारात मोडतात. 'ओव्हरवॉच'मध्ये त्या विकत मिळेनाशा झाल्या. तशीच नशिबाची पाकिटं घ्यायचे 'फिफा'चे पॉइंट २०१९ च्या सुरुवातीला बेल्जियमपुरते विक्रीतून गेले. २०२२ मध्ये 'डायब्लो इमॉर्टल' बाहेर पडला तेव्हा बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये तो आलाच नाही. मित्र त्यातल्या गिअरबद्दल, म्हणजे शस्त्रं-चिलखतांबद्दल, रात्रभर बोलायचे आणि मी ऐकायचो. तेव्हा चुकल्यासारखं वाटलं, आता वाटत नाही. लढाईतली ताकद चिठ्ठी काढल्यासारखी वाटली जात असेल तर तिथे माझा हात काय करणार?

पण इथला नियम नशिबाचा धागा पकडतो आणि तिथे थांबतो. ठरलेल्या किमतीला ठरलेली वस्तू विकली तर ती पेटी राहत नाही. २०१८ च्या 'असॅसिन्स क्रीड ओडिसी'मध्ये एक्सपी कायमचा पन्नास टक्क्यांनी वाढवणारा बूस्टर विकायला होता. एकट्याने खेळायच्या गेममध्ये! त्यात जुगार नाही, सगळं उघड आहे. पण बूस्टर विकायचा असेल तर त्याच्याशिवायचा प्रवास थोडा कंटाळवाणा असणं विकणाऱ्याच्या फायद्याचं ठरतं, आणि ही शंका एकदा मनात शिरली की प्रत्येक वेळी पाट्या टाकताना ती सोबत चालते.

भारतात २०२५ च्या ऑगस्टमध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला. त्याने पैसे लावून खेळायचे गेम बंद केले आणि ई-स्पोर्ट्सला वेगळी मान्यता दिली. ग्रुपवर तेव्हा बरीच चर्चा झाली, पण ती सगळी पैसा आणि व्यसन ह्याभोवती. गेमच्या आतली प्रगती कशी रचलेली आहे, ती खेळाडूला काय शिकवते, हे कुणी काढलं नाही. मला ते काढायचंय, कारण घरच्यांना ह्याचं उत्तम उदाहरण आधीच माहीत आहे. आपल्याकडे पबजीसारख्या ज्या बॅटल रॉयालने, म्हणजे शेवटी उरेल तो जिंकला अशा खेळाने, एका पिढीला खेळायला शिकवलं, त्यात प्रत्येक जण विमानातून रिकाम्या हाताने उतरतो. सापडेल ती बंदूक, सापडेल ते हेल्मेट. मॅच संपली की ते सगळं गेलं, पुढची मॅच परत शून्यापासून. 'काउंटर-स्ट्राइक'चंही तेच, पहिल्या फेरीत सगळ्यांकडे ८०० डॉलर आणि एक पिस्तूल.

२०२० च्या सप्टेंबरमध्ये पबजी मोबाइलवर भारतात बंदी आली. पुढच्या वर्षी जुलैमध्ये तो बीजीएमआय ह्या नावाने परतला आणि जुन्या खात्यातली माहिती नव्यात आणायची सोयही मिळाली. मधल्या काळात माझ्या मित्रांचे रँक, कपडे, बंदुकांवरची नक्षी, सगळं कुलूपबंद होतं. पण तेच मित्र दुसऱ्या नेमबाजीच्या गेममध्ये बसले आणि आठवड्याभरात तिथे भारी पडायला लागले. पायांच्या आवाजावरून माणूस कुठे आहे ते ओळखणं, गोळी झाडताना वर उसळणारी बंदूक (रीकॉइल) खाली ओढून धरणं, खेळायच्या जागेचं आक्रसणारं वर्तुळ कुठे सरकणार ह्याचा अंदाज, हे त्यांच्याकडून कुणी काढून घेतलं नाही. मग तुम्हीच सांगा, तुमची प्रगती कुठे साठवलेली होती?

परदेशात राहून आणखी एक गोष्ट कळली आणि ती मला घरी बसून कळली नसती. लढाई सगळ्यांना सारखी नसते. मी शनिवारी मित्रांच्या सर्व्हरवर खेळतो तेव्हा पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत सिग्नल जाऊन यायला लागणारा वेळ, १४० मिलिसेकंदांच्या आसपास असतो. ब्रसेल्स ते मुंबई सरळ अंतर सुमारे सात हजार किलोमीटर. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे केबल अगदी सरळ टाकली तरी जाऊन यायला ७० मिलिसेकंद लागणारच, आणि केबल सरळ जात नाही. सेकंदाला साठ फ्रेम, म्हणजे साठ चित्रं, दाखवणाऱ्या गेममध्ये एक फ्रेम सुमारे १६.७ मिलिसेकंदांची. म्हणजे १४० मध्ये आठ फ्रेम गेल्या. 'स्ट्रीट फायटर ६'सारख्या फायटिंग गेममधला जलद ठोसा चौथ्या फ्रेमला लागतो. चांगल्या रोलबॅक नेटकोडमध्ये गेम समोरच्याची पुढची चाल ओळखून चित्र पुढे चालवतो आणि अंदाज चुकला तर मागे जाऊन दुरुस्त करतो, म्हणून खेळता तरी येतं. तरीही काही फटके मला दिसायच्या आधी लागलेले असतात.

तिथे मी माझा खेळ बदलला. बघून अडवणं जमणार नाही हे मान्य केलं, अंतर राखायला आणि समोरच्याची सवय वाचायला लागलो. आणि मग विचार आला, की ज्याचा हात दुखतो, ज्याला नीट दिसत नाही, ज्याचं वय पन्नाशी ओलांडून गेलंय, तो रोज असाच आठ फ्रेम मागे खेळत असेल. माझ्या पिंगला मित्र सवलत देतात, म्हणतात "तुझं नेट लांबचं आहे." त्याला मात्र म्हणतात, गिट गुड, म्हणजे आधी नीट खेळायला शीक.

सवलत कशी द्यावी हे काही गेमनी फार सुंदर सोडवलंय. २०२० च्या 'हेडीज'मध्ये गॉड मोड आहे. चालू केला की नुकसान वीस टक्के कमी होतं आणि प्रत्येक मरणाला आणखी दोन टक्के, ऐंशीपर्यंत. शत्रूंच्या चाली त्याच राहतात, शिकावं लागतं तेवढंच, फक्त प्रत्येक हार थोडा आधार देऊन जाते. 'स्ट्रीट फायटर ६'मध्ये मॉडर्न कंट्रोल घेतले तर एका बटणावर खास फटका निघतो, आणि त्या सोयीपोटी त्याचं नुकसान वीस टक्क्यांनी कमी होतं. देवाणघेवाण उघड आहे आणि समोरच्यालाही माहीत आहे. २०१७ च्या 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'मध्ये एक्सपीच नाही. पहिल्या पठारावरच मुख्य शक्ती हातात देतात आणि हिंमत असेल तर तिथून थेट शेवटच्या शत्रूकडे जा म्हणतात. हृदयं (म्हणजे आयुष्याची पट्टी) आणि दम नंतर वाढतात, पण ते तुम्हाला चुकायला जास्त जागा देण्यासाठी.

'एल्डन रिंग'चंही मी कौतुकच करेन, मित्राच्या वीस तासांसकट. बॉस अडला तर पाठ फिरवून दुसरीकडे जाता येतं, नवा मंत्र, नवं शस्त्र, मदतीला येणारे आत्मे घेऊन परतता येतं. नवी चाल सापडली तर ती प्रगती मी आनंदाने मान्य करतो. त्याने मात्र ते केलं नव्हतं, एका कोपऱ्यात उभं राहून आकडा वाढवला होता, आणि बॉस पडल्यावर तो काय करत होता हे त्याला आजही सांगता येत नाही. वेग कमी करणाऱ्याला गेनिचिरोच्या प्रत्येक चालीचा क्रम तोंडपाठ आहे. मी विचारून पाहिलं.

तो आता परत पहिल्यापासून खेळतोय, वेग नव्वद टक्क्यांवर ठेवून. गेल्या शनिवारी स्क्रीन शेअर करून किल्ल्याच्या माथ्यावर पोचला. सातदा मेला. नंतर नंतर आमच्यापैकी कुणी बोलत नव्हतं, सगळे तो टणक आवाज ऐकत होते. ह्या शनिवारी तो साडेनऊला बसणार आहे. इथे तेव्हा पाच वाजलेले असतील.