डिस्कबद्दल कोण लिहिणार?

आज सकाळी ‘स्पिरिटेड अवे’ या जपानी ॲनिमेशनपटाच्या ब्लू-रे डिस्कचे एक परीक्षण वाचले आणि तेव्हापासून माझे डोके फिरले आहे. त्या लांबलचक लेखात नायिका चिहिरोचे आईवडील डुकरे कसे होतात इथपासून शेवटापर्यंतची सगळी कथा सांगितली आहे, 2003 साली मिळालेल्या ऑस्करचा उल्लेख आहे, पाचपैकी पाच तारे दिले आहेत; आणि ज्या डिस्कचे छायाचित्र वर मोठ्या हौसेने लावले आहे, तिच्याविषयी एकच वाक्य आहे: ‘चित्र व आवाज उत्तम.’

तेही नेमके याच चित्रपटाबद्दल! 2002 साली जपानमध्ये त्याची डीव्हीडी आली तेव्हा सगळ्या चित्रावर तांबूस झाक होती आणि पांढरे ढग गुलाबी दिसत होते. लोकांनी तक्रारी केल्या, प्रकरण न्यायालयापर्यंत गेले, आणि जपानी प्रेक्षकांना बरे रंग पाहायला मिळाले ते 2014 सालच्या ब्लू-रेवर. चित्रपट तोच, दिग्दर्शक तोच, तारेही पाचच. पण हातात आलेली वस्तू वेगळी. हे ज्याला ठाऊक नाही किंवा लिहावेसे वाटत नाही, त्याने खुशाल रसग्रहण लिहावे, परंतु त्याला डिस्कचे परीक्षण म्हणू नये.

माझ्या बाबांची गोष्ट इथे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. बाबांनी सारी नोकरी छापखान्यात मुद्रिते तपासण्यात घालवली. आता त्यांना कानाने फार कमी ऐकू येते, म्हणून ते कोणताही चित्रपट उपशीर्षके वाचत पाहतात, आणि वाचतात तेही जुन्या सवयीने, एकेक ओळ तपासत. मी त्यांच्यासाठी बाहेरून एक जुना जपानी ॲनिमेशनपट मागवला होता. (चित्रपटाचे आणि कंपनीचे नाव लिहीत नाही, नाहीतर खाली फक्त त्यावरच वाद रंगेल.) एका दृश्यात मुलगी पाठमोरी उभी आहे, समोर गवत वाऱ्याने लवते आहे, आणि कोणीही काही बोलत नाही. खाली मात्र इंग्रजी ओळ उमटली. बाबांनी रिमोट घेऊन दृश्य मागे नेले, पुन्हा पाहिले आणि मला विचारले, ‘‘अगं, आत्ता बोललं कोण?’’

कोणीच बोलले नव्हते. त्या डिस्कवरची उपशीर्षके मूळ जपानी संवादांची नव्हतीच. इंग्रजी डबिंगची संहिता तशीच उचलून जपानी आवाजाखाली चिकटवली होती. डबिंग करणाऱ्यांना शांततेची भीती वाटते, म्हणून पात्र पाठमोरे असले की त्याच्या तोंडी काहीतरी घालून ते मोकळे होतात. ‘किकीज डिलिव्हरी सर्व्हिस’च्या अमेरिकी डबिंगमध्ये त्या काळ्या मांजराला अशीच जास्तीची वाक्ये मिळाली होती. 1986 सालच्या ‘लापुता’साठी तर मूळ संगीतकार जो हिसाइशी यांनीच अमेरिकी आवृत्तीकरिता संगीत नव्याने बांधले, आणि मूळ चित्रपटात जिथे काहीच वाजत नाही अशा कितीतरी जागा भरून निघाल्या. काहींना ते संगीत अधिक आवडते, आवडो बापडे. पण आपण विकत घेत असलेल्या डिस्कवर त्यातले काय आहे, हे परीक्षकाने सांगायला नको?

बाबांच्या त्या प्रश्नाचे उत्तर मला दुकानाच्या माहितीत मिळाले नव्हते आणि वाचलेल्या एकाही परीक्षणात मिळाले नव्हते. सगळ्यांनी मला कथा तेवढी सांगितली होती.

आता थोडे सबुरीने लिहिते. परीक्षणे लिहिणारी ही मंडळी फुकट लिहितात, स्वतःच्या पैशाने डिस्क घेतात, आणि त्यांच्या उत्साहामुळेच आपल्याकडे ताकाहाता किंवा सातोशी कोन या जपानी ॲनिमेशन दिग्दर्शकांची नावे घरोघरी पोचली, हे मला मान्य आहे. आज इतका राग आला तोही बहुधा सकाळचे परीक्षण लिहिणाऱ्या मुलाचे लेखन एरवी फार चांगले असते म्हणूनच.

परंतु ‘हल्ली डिस्क घेतो कोण, सगळे नेटफ्लिक्सवर आहे’ असे सांगणाऱ्यांशी मला सबुरीने वागता येत नाही. 2020 साली ‘स्पिरिटेड अवे’ काढणाऱ्या गिब्ली स्टुडिओचे चित्रपट तिथे आले तेव्हा ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाईज’ त्यांत नव्हता, कारण त्याची निर्मिती शिंचोशा या प्रकाशनसंस्थेची आणि हक्क वेगळे. तो आला 2024 साली. आलेला चित्रपट उद्या जाऊही शकतो. कपाटातली डिस्क जात नाही, म्हणून तर ती नीट पारखून घ्यायची.

आणि पारखायचे म्हणजे काय, तर ‘अकिरा’सारखा 1988 सालचा चित्रपट पारदर्शक प्लास्टिकच्या तावांवर रंगवून, एकेक चौकट फिल्मवर टिपून तयार झाला आहे, त्यात फिल्मचा बारीक रवा, म्हणजे ग्रेन, दिसणारच. ‘चित्र अगदी गुळगुळीत, एकही ठिपका नाही’ अशी अशा डिस्कची स्तुती वाचली की मला धडकीच भरते, कारण यंत्राने रवा पुसताना त्याबरोबर शाईच्या रेघाही पुसट होतात. ज्या रेघेसाठी कोणीतरी रात्री जागवल्या, तीच गेली, आणि वर पाच तारे! निदान रीजन, म्हणजे डिस्क जगाच्या कोणत्या भागातल्या प्लेअरवर चालते, ते तरी लिहा. भारताची डीव्हीडी पाच क्रमांकाची, जपानची दोन. ब्लू-रेला आपण ‘सी’त आणि जपान-अमेरिका ‘ए’त. एवढी एक ओळ नसल्यामुळे बाहेरून मागवलेली डिस्क आपल्या प्लेअरवर चालत नाही आणि माणूस कपाळाला हात लावून बसतो.

युगो साको आणि राम मोहन यांच्या ‘रामायण’ या भारत-जपानच्या ॲनिमेशनपटाबाबत तर हा गोंधळ थेट आपल्या घरातला आहे. जानेवारी 2025 मध्ये तो पुन्हा चित्रपटगृहांत लागला तेव्हा प्रत्येकाने बालपणाच्या आठवणी लिहिल्या, मीही आवडीने वाचल्या. पण मूळ इंग्रजी संवादांची आवृत्ती वेगळी, अरुण गोविल आणि अमरीश पुरी यांच्या आवाजातली हिंदी वेगळी, आणि ‘प्रिन्स ऑफ लाइट’ या नावाने अमेरिकेत आलेली तिसरीच. बाबांना तो पाहायचा आहे आणि कोणती डिस्क घ्यावी, हे मला अजून कोणाच्याही लेखातून समजलेले नाही. तुमच्यापैकी कोणाकडे त्याची जुनी डीव्हीडी असेल, तर कृपा करून ती लावून पाहा आणि खाली लिहा: राम कोणत्या भाषेत बोलतो, गाणी संस्कृतातच आहेत का, आणि उपशीर्षके आहेत का. कथा बाबांना ठाऊक आहे.