फायरबॉल सगळ्याच विझर्डकडे असतो

म्हापशाहून लिहिणाऱ्या वाचकमित्रास,

तुमची प्रतिक्रिया लांब आहे आणि जरा तापूनच लिहिलेली आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: डंजन्स अँड ड्रॅगन्स या पात्रं रंगवून, फासे टाकून खेळायच्या खेळाच्या २०२४च्या प्लेयर्स हँडबुकमध्ये (नियमपुस्तकात) विझर्डचे, म्हणजे जादूगार पात्राचे, चार सबक्लास (उपप्रकार) आहेत. त्यांत मी डिव्हायनरला पहिला, ॲब्जुररला दुसरा, इव्होकरला तिसरा आणि इल्युजनिस्टला शेवटचा नंबर दिला. तुमचं म्हणणं, ही यादी यूट्यूबवरून उचललेली आहे, फायरबॉल (आगीच्या गोळ्याचा मंत्र) टाकणारा इव्होकर तिसरा असूच शकत नाही, डिव्हायनरची पोर्टंट ही करामत म्हणजे निव्वळ चीटिंग आहे आणि इल्युजनिस्टला मी दोन ओळींत निकालात काढलं.

यूट्यूबचं सोडून देऊ. तिथं इव्होकरला डोक्यावर घेऊन नाचणारेही ढीगभर सापडतील.

फायरबॉलचं मात्र सोडता येत नाही. वीस फुटांची त्रिज्या, आठ डी-सिक्स (सहा बाजूंचे फासे), सरासरी २८ डॅमेज (इजा). झकास स्पेल (मंत्र) आहे, वादच नाही. पण पाचव्या लेव्हलला तो कुठल्याही विझर्डला घेता येतो. तुम्ही इव्होकरच्या खात्यात जमा केलेलं निम्मं कौतुक विझर्ड या क्लासचं आहे. सबक्लासची तुलना करायची तर त्यानं वरून काय घातलं तेवढंच मोजायला हवं. इव्होकर घालतो ते स्कल्प्ट स्पेल्स: स्पेलच्या लेव्हलमध्ये एक मिळवा, तेवढ्या जणांना आगीतून अंगावर ओरखडाही न येता वाचवता येतं. फायरबॉलला चार जण, म्हणजे आख्खी पार्टी. हे मला मनापासून आवडतं. पण २०१४च्या पुस्तकात हे दुसऱ्या लेव्हलला मिळायचं, आता सहाव्या लेव्हलला मिळतं. म्हणजे फायरबॉल पहिल्यांदा हातात येतो तेव्हा इव्होकरचे मित्रही इतरांच्या मित्रांइतकेच भाजतात! एकाच लेव्हलचा प्रश्न आहे, खरं आहे. पण आमच्यासारखी महिन्याकाठी एकदा बसणारी मंडळी त्या एका लेव्हलवर आख्खा पावसाळा काढतात. तोवर हाताशी काय, तर पोटंट कॅन्ट्रिप. फायर बोल्ट या कॅन्ट्रिपचा, म्हणजे हवा तितक्या वेळा टाकता येणाऱ्या साध्या स्पेलचा, नेम चुकला तरी अर्धा डॅमेज, एका डी-टेनवर सरासरी अडीच. बरा आहे, पण त्यासाठी सबक्लास घ्यावा असा नाही.

आता चीटिंगचा आरोप. पोर्टंट अशी चालते: लाँग रेस्टनंतर, म्हणजे झोपून उठल्यावर, डिव्हायनर दोन डी-ट्वेंटी (वीस बाजूंचे फासे) टाकतो आणि आकडे लिहून ठेवतो. पुढे स्वतःच्या किंवा समोर दिसणाऱ्या कुणाच्याही अटॅक रोल (हल्ल्याचा फासा), सेव्हिंग थ्रो (बचावाचा फासा) किंवा ॲबिलिटी चेकच्या (कसब जोखणाऱ्या फाशाच्या) जागी त्यातला एक आकडा ठेवता येतो. तुमच्या टेबलावर बहुतेक फासा पडल्यावर आकडा बदलू देतात, कारण तुम्ही दिलेलं उदाहरण तसंच आहे. नियम तसा नाही. फासा पडायच्या आधी सांगावं लागतं, आणि तेही एका टर्नमध्ये एकदाच.

फोंड्याच्या आमच्या टेबलावर डिव्हायनर खेळणारी मैत्रीण ते दोन आकडे किराणाच्या पावतीमागे लिहिते आणि पावती भज्यांच्या ताटलीखाली दाबून ठेवते. गेल्या खेपेला तीन आणि सतरा होते. दरोडेखोरांच्या म्होरक्यावर तिनं होल्ड पर्सन (जागीच खिळवणारा स्पेल) टाकलं, डीएमनं (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणाऱ्यानं) बचावाचा फासा हातात घेतला, आणि तिनं तेलकट पावती पुढे सरकवली: तीन. म्होरक्या जागच्या जागी खिळला आणि फायटरनं त्याचा फडशा पाडला. हे चीटिंग वाटत असेल तर दुसरी बाजूही बघा. दोन्ही आकडे सहा ते पंधराच्या मध्ये, म्हणजे धड मोठे नाहीत धड लहान नाहीत असे, पडण्याची शक्यता २५ टक्के आहे. चारातल्या एका दिवशी डिव्हायनरच्या हातात फारसं काही नसतं. आणि समोर ॲडल्ट ड्रॅगन असेल तर तो लेजंडरी रेझिस्टन्स (फसलेला बचाव यशस्वी ठरवायची ताकद) वापरून तुमचा तीन सरळ गिळून टाकतो. ड्रॅगनचा एक बचाव खर्ची पडला, एवढंच समाधान.

इल्युजनिस्टवर मी कमी लिहिलं, कारण लिहिण्यासारखं सगळं डीएमपाशी जाऊन थांबतं. मायनर इल्युजन (छोटासा आभास) बोनस ॲक्शनमध्ये (मुख्य चालीखेरीजच्या जादा चालीत), चित्र आणि आवाज दोन्ही एकदम, हे कागदावर भारीच आहे. आमच्याकडे मात्र एकानं पाच फुटांचं खोकं उभं केलं, मागे लपला, आणि गॉब्लिन खोक्यावरच बाण मारत राहिले. पहिला बाण आरपार गेला, सोंग उघडं पडलं. दुसऱ्या डीएमनं त्या गॉब्लिनना दोन राउंड शोधाशोध करायला लावली असती. जो सबक्लास दोन टेबलांवर दोन वेगळ्या ताकदीचा होतो त्याला मी वर ठेवणार नाही. तुमचा डीएम दिलदार असेल तर खुशाल पहिला ठेवा.

तुमच्या प्रतिक्रियेतलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय: ‘आमच्याकडे डंजनमधून बाहेर पडेपर्यंत झोप नाही, पाच-सहा फाइट सलग.’ आपल्या भांडणाचं मूळ इथं आहे. आमच्यातले दोघे मडगावला आणि एक साखळीला परततो, शेवटच्या बसच्या आत आवरायचं असतं. एका बैठकीत एक फाइट, फार तर दीड, आणि पुढच्या वेळी सोय म्हणून सगळे झोपून उठलेले. पोर्टंटचे दोन आकडे एकाच फाइटला वापरायला मिळतात, मग डिव्हायनर पहिला येणार नाही तर काय! २०१४चं डंजन मास्टर्स गाइड दिवसाला सहा ते आठ फाइट धरून चालतं. तुम्ही पुस्तकाच्या जवळ आहात, आम्ही लांब. सहा फाइटना दोन आकडे म्हणजे चार फाइट कोरड्या.

तेव्हा चवथीनंतर सुरू होणाऱ्या तुमच्या कँपेनसाठी इव्होकरही नको आणि डिव्हायनरही नको, ॲब्जुरर घ्या. पाचव्या लेव्हलला, इंटेलिजन्स १८ असेल तर, आर्केन वॉर्ड (जादूचं कवच) १४ हिट पॉइंटचा, म्हणजे तेवढा मार झेलणारा. तुम्हाला लागणारा मार आधी वॉर्ड खातो. शील्ड (बचावाचा स्पेल) टाकलं की वॉर्ड दोननं भरतो, शिवाय बोनस ॲक्शनमध्ये स्लॉट (स्पेल टाकायचा मोजका साठा) खर्चून हवा तेव्हा भरता येतो. जुन्या पुस्तकातली अलार्म हा स्पेल रिच्युअल म्हणून, म्हणजे स्लॉट न खर्चता, पुन्हा पुन्हा टाकून फुकटात वॉर्ड भरायची युक्ती आता चालत नाही, स्लॉट लागतोच. त्यामुळे शॉर्ट रेस्टमध्ये (छोट्या विश्रांतीत) आर्केन रिकव्हरी, म्हणजे खर्चलेले काही स्लॉट परत मिळवणं, विसरू नका. सहाव्या लेव्हलपासून तीस फुटांच्या आत कुणाला मार बसला तर रिॲक्शन (राउंडमागे एकदाच मिळणारी प्रत्युत्तराची चाल) देऊन तोही वॉर्डवर घेता येतो. फक्त त्या राउंडला शील्डसाठी रिॲक्शन उरत नाही, तेवढं फायटरला आधी सांगून ठेवा.