शॉवरखालची हीटिंग केबल: शॉक बसतोच असे नाही

‘शॉवरच्या फरशीखाली हीटिंग केबल (फरशी गरम करणारी विजेची तार) टाकली की शॉक बसणारच’ हा दावा सरसकट खरा नाही. ओल्या जागेसाठी बनवलेल्या केबलवर अर्थिंगचे धातूचे आवरण असते. ती सिमेंटच्या थरात गाडून वर वॉटरप्रूफिंग करतात आणि सर्किटला ३० मिलीअँपिअरची आरसीडी (शॉकपासून वाचवणारा सुरक्षा स्विच) लावतात. विजेची गळती होताच ती पुरवठा तोडते. थर्मोस्टॅट (तापमान नियंत्रक) मात्र पाण्याच्या माऱ्याबाहेरच हवा.

केबल ओल्या जागेसाठी नसेल किंवा आरसीडी नसेल, तर भीती रास्तच.

गरज आहे का, हा वेगळा प्रश्न. गरम पाण्याने फरशी तशीही तापते. खरा फायदा ती लवकर वाळण्याचा. आणि ठरवायचे ते फरशी बसवण्याआधी, नंतर फोडाफोडीच!