उंचीच्या आकड्यांपलीकडची जाहिरात

नव्या रोलर कोस्टरच्या जाहिराती केवळ उंची आणि वेग यांवरच चालतात, हे एका लेखात वाचलेले निरीक्षण मला बव्हंशी पटले. मात्र ही सवय कशी रुजली हेही पाहायला हवे. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या सीडर पॉइंट या मनोरंजन उद्यानाने 1989 मध्ये 'मॅग्नम एक्सएल-200' हा कोस्टर सुरू केला, तेव्हा 200 फुटांचा टप्पा ओलांडल्याची खूण त्याच्या नावातच कोरली गेली. पुढे 2000 च्या मे महिन्यात तिथेच 310 फुटांचा 'मिलेनियम फोर्स' आला आणि 300 फुटांपलीकडच्या कोस्टरसाठी 'गिगा' हा नवा शब्दच प्रचारात आणला गेला. उंचीचा तो जागतिक विक्रम मात्र जपानच्या 'स्टील ड्रॅगन 2000' ने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, म्हणजे अवघ्या तीन महिन्यांत, मोडला. तरीही 'मिलेनियम फोर्स'वरचे प्रेम ओसरले नाही, आणि माझ्या मते हीच गोष्ट सर्वांत बोलकी आहे.

उलट न्यू जर्सीतील 456 फुटी 'किंगडा का' हा कोस्टर सुमारे साडेतीन सेकंदांत ताशी 206 किलोमीटरचा वेग गाठत असे, पण सारा प्रवास मिनिटभरातच आटोपे. 2025 मध्ये तो पाडण्यात आला. प्रवास किती वेळ चालतो, बसणाऱ्याच्या किमान उंचीची अट काय आहे, पाठीच्या किंवा हृदयाच्या दुखण्यात बसावे की नाही, हे तिकीट काढण्यापूर्वी कळणे प्रत्येक कुटुंबाला आवश्यक असते. म्हणून ही माहिती जाहिरातीतच, विक्रमाच्या आकड्याइतक्याच ठळक अक्षरांत द्यावी, असे मला मनापासून वाटते.