'पगार बघा आणि मेडिकेड मागा!' या प्रतिक्रियेला उत्तर

अमेरिकेत दत्तक घेतलेल्या मुलाच्या आरोग्यविम्यावर, त्यातही मेडिकेडवर (तिथला मुख्यतः गरिबांसाठीचा सरकारी विमा), मी लेख लिहिला होता. त्यावरच्या आपल्या प्रतिक्रियेत पाच मुद्दे आहेत. पण "सुखवस्तू मराठी जोडप्यांना तुम्ही अमेरिकेत गरिबांचं लाटायला शिकवताय" हे वाक्य वाचल्यावर बाकीच्या चारांकडे वळायची इच्छा राहत नाही. 'लाटायला'? शब्द जरा तोलून वापरावा.

चूक आधी कबूल करतो. नोकरीतल्या विम्यात मूल घालायची मुदत मी फक्त कोर्टाच्या हुकमापासून मोजली होती. दत्तकासाठी मूल ताब्यात आलं की त्या दिवसापासूनही ती मोजली जाते. ती किमान ३० दिवसांची असते, मार्केटप्लेसवर (सरकारी विमाबाजारात) ६०. लेखात दुरुस्ती केली. हा विषय संपला.

आता 'गरिबांचं' मेडिकेड. फॉस्टर केअरमधून (सरकारी देखरेखीखालच्या तात्पुरत्या सांभाळातून) दत्तक घेतलेल्या मुलासाठी टायटल फोर-ईचा (केंद्रीय कायद्यातल्या त्या नावाच्या भागाखालचा) साहाय्य करार झाला असेल, तर मेडिकेड त्या मुलाच्या हक्काचं असतं, आईबापांचा पगार कुणी विचारत नाही. ही पळवाट नाही, केंद्रीय कायद्यात १९८० पासून चालत आलेली सोय आहे. करारात महिन्याची रक्कम शून्य असली तरी मेडिकेड राहतं. मात्र दत्तकविधान पक्कं होण्याआधी त्या करारावर सह्या हव्यात. "आम्हाला सरकारचे पैसे नकोत" म्हणून करारच न करणाऱ्यांना नंतर अपिलं करत बसावं लागतं, आणि त्यांना तो स्वाभिमान शिकवणारे कुठे असतात? २१ वर्षांखालच्या मुलाला वैद्यकीयदृष्ट्या गरजेचे उपचार देणं मेडिकेडला भाग आहे, मोठ्यांना ते मिळत नसले तरी. कंपनीचा विमा दीर्घ थेरपीवर हात वर करतो तेव्हा याची किंमत कळते.

"आमचं कंपनीच्या विम्यावर भागलं," असं आपण म्हणता. भागलं, छान झालं! पण तो विमा सोडा असं मी लिहिलेलंच नाही. दोन्ही ठेवा. बिल आधी कंपनीच्या विम्याकडे जातं, उरलेलं मेडिकेडकडे. घोटाळा होतो तो औषधाच्या दुकानात: खाजगी विम्याची नोंद दुकानात नसते, ते थेट मेडिकेडला बिल लावतात आणि 'दुसरा विमा आहे' म्हणून क्लेम परत येतो. दोन्ही कार्डं पहिल्याच भेटीत द्या. डॉक्टर मेडिकेड घेत नसेल तर को-पे (बिलातला रुग्णाचा वाटा) आपल्याच खिशातून जाईल, म्हणून अपॉइंटमेंट घेतानाच विचारा. दत्तकानंतर मुलाचं नाव बदलतं, बहुधा मेडिकेडचा क्रमांकही, तेव्हा चालू औषधं थोडी आधीच भरून घ्या. आणि मुलाला मेडिकेड असल्यामुळे आपल्या एचएसएला (आरोग्यखर्चाच्या करमुक्त बचत खात्याला) काही धक्का लागत नाही, ती भीती काढून टाका.

राज्य बदलण्याबद्दलचा आपला प्रश्न मात्र रास्त आहे. फोर-ईच्या मुलाला नव्या राज्यातही मेडिकेड मिळतं, जुन्या राज्याच्या इकामा (दत्तक मुलांच्या वैद्यकीय मदतीचा राज्याराज्यांतला करार) कचेरीला आधी कळवायचं. करार निव्वळ राज्याच्या पैशातला असेल तर नवं राज्य मेडिकेड देईलच असं नाही. घर विकण्याआधी विचारा.

तक्त्याचा रंग, लेखाची लांबी... असो. हे फॉर्म मी चौदा वर्षं लोकांना भरून देतोय, रंग निवडायला वेळ मिळाला नाही. आपल्या मुलाच्या करारावर 'फोर-ई' लिहिलंय की नाही तेवढं आज कपाटातून काढून बघा, मग उरलेल्या मुद्द्यांवर बोलू.