‘पिशवी काढली की कटकट गेली’ म्हणे!

व्हॉट्सॲपवर बायकांमध्ये एक सल्ला नेहमी फिरतो: मुलं झाली की पिशवीचं, म्हणजे गर्भाशयाचं, काम संपलं, ती काढून टाकली की पाळीचा त्रास, पांढरं जाणं आणि कॅन्सरची धास्ती, सगळंच मिटतं. कॅन्सर झाला असेल, औषधांनाही न जुमानणारा रक्तस्राव असेल किंवा अंग बाहेर येत असेल, तर ही शस्त्रक्रिया योग्य ठरू शकते. माझा आक्षेप आहे तो सरसकट सल्ल्याला.

‘मुलं झाली, आता काय उपयोग?’ पिशवीसोबत पुष्कळदा दोन्ही बीजांडंही (अंडाशय) काढली जातात, आणि इथे खरं नुकसान होतं. इस्ट्रोजेन हे हार्मोन तिथे तयार होतं. पस्तिशीत ते अचानक थांबलं की अंगातून वाफा येणं, झोप उडणं सुरू होतं. पुढे हाडं ठिसूळ होण्याचा आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. बीजांडं ठेवली तरी पाळी जाण्याचं वय अलीकडे येऊ शकतं, कारण त्यांचा थोडा रक्तपुरवठा गर्भाशयाच्या रक्तवाहिनीतूनच होतो.

‘पांढरं जातं, म्हणजे पुढे कॅन्सरच.’ बहुतेक वेळा तो जंतुसंसर्ग असतो आणि गोळ्यांनी बरा होतो. सोनोग्राफीत गर्भाशयाच्या मुखाला ‘सूज’ दिसली म्हणून ऑपरेशनची तारीख देणाऱ्या डॉक्टरांना आधी तपासणीबद्दल विचारा.

‘काढली की कॅन्सरची भीती नाही.’ बीजांडं राहिली तर त्यांचा कॅन्सर होऊ शकतो. गर्भाशयाचं तोंड ठेवलं असेल तर तिथलाही. शिवाय गर्भाशयमुखाचा कॅन्सर एचपीव्ही विषाणूच्या टिकून राहिलेल्या संसर्गातून व्हायला सहसा दहा-पंधरा वर्षं लागतात. म्हणजे पकडायला वेळ मिळतो. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात 1,31,746 बायकांवर झालेला अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला: एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये टाटा रुग्णालयाने तर दहावीपर्यंत शिकलेल्या आरोग्यसेविकांना तयार केलं. गर्भाशयाच्या तोंडाला पातळ ॲसेटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरमधलंच आम्ल, लावायचं आणि मिनिटभरात पांढरा डाग उमटतो का ते पाहायचं. मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. ना महागडं यंत्र, ना भूल.

‘पण बायकाच मागतात हो.’ मागतात, खरं आहे. पण कुठल्या बायका, ते बघा. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, म्हणजे मजुरांची एक जोडी. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली, खाडा पडला की दंड. फडात संडास नाही, धुवायला पाणी नाही, पाळीत पोट दुखलं तरी मोळ्या डोक्यावरून वाहायच्याच. अशा ठिकाणी पाळी म्हणजे बुडालेली मजुरी. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर बीड जिल्ह्याचे आकडे आले: पाहणी केलेल्या 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली, जवळपास सहातली एक. ऑपरेशनच्या खर्चासाठी पुन्हा उचल, ती फेडायला पुन्हा फड, आणि कंबरदुखी सोबतीला. संडास बांधणं हे कारखान्याचं आणि सरकारचं काम होतं; त्याऐवजी बाईचा अवयव काढला गेला. याला ‘तिची इच्छा’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

त्याच वर्षी बीडमध्ये खासगी दवाखान्यांना या शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं लागू करायला राज्यांना सांगितलं.

तुमच्या घरात कुणाला हा सल्ला मिळाला असेल तर सही करण्याआधी डॉक्टरांना तीनच गोष्टी विचारा. निदान नेमकं कोणत्या तपासणीवरून केलं? गोळ्या किंवा हार्मोनची तांबी वापरून पाहिली का? बीजांडं ठेवणार की काढणार? आणि ती बाई खोलीत असताना विचारा. नवऱ्याला किंवा सासूला बाजूला घेऊन दिलेलं उत्तर तिच्यापर्यंत पोचेलच असं नाही.